फडातला थंडा आणि अंगावरची उचल



गेल्या हंगामात मी इथे एक फोटो टाकला होता, काहींना आठवत असेल. खालच्या पट्टीतल्या ८६०३२ च्या खोडव्याला तोड आली होती. ट्रॉलीच्या सावलीला टोळी बसलेली, प्रत्येकाच्या हातात थंडगार बाटली, आणि मधे मी खोकं धरून उभा. वर लिहिलं होतं, "टोळी खूश, तर ऊस टायमात." लाईकही भरपूर पडले. तो फोटो मी परवा काढून टाकला. का काढला ते आज लिहितो. जरा लांबेल, पण यंदाची तोड चालू व्हायच्या आत लिहिणं गरजेचं आहे.

ऊसवाल्यांना सांगायला नको, तोड येणं म्हणजे घरात लगीन असल्यासारखं असतं. चिटबॉयला फोन, मुकादमाला फोन, ट्रॅक्टरवाल्याला फोन. एकदा टोळी फडात उतरली की ती दुसऱ्याच्या फडात जाऊ नये म्हणून आपण तिचे लाड करतो. आमच्या वडिलांच्या काळात चहा आणि भजी होती. मग वडापाव आला. मटणाचं जेवण आलं. खुशालीचे पैसे आले, तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत आला थंडा. त्यातही साधा कोला मागे पडला. आता पोरं नाव घेऊन मागतात ते ताकदीचं म्हणून विकलं जाणारं, वीस रुपयांचं, ज्याला आपण एनर्जी ड्रिंक म्हणतो ते. "मालक, ते आणा, त्याच्याशिवाय फळी चढवत नाही," असं मुकादम म्हणाला आणि मी चोवीस बाटल्यांची दोन खोकी गाडीला लावून आणली.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. आमच्याकडे सोलापूर भागात तेव्हाच दुपारचं ऊन चावायला लागलेलं असतं. टोळीत आठ कोयते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्यातला एक तिशीतला गडी, बीडकडचा, कामाला वाघ. पहाटे चारला फडात, उजाडेपर्यंत दोन सरी आडव्या. त्या दिवशी त्यानं सकाळपासून चार बाटल्या घेतल्या. पाणी किती प्यायला ते कुणी बघितलं नाही. मीही नाही. दुपारी दोनच्या सुमाराला ट्रॉली भरताना डोक्यावर मोळी घेऊन तो फळीवर चढला आणि अर्ध्यातच पाय वळले. मोळी एकीकडे, तो दुसरीकडे. नशीब, पाचटाच्या ढिगावर पडला. पोटऱ्यांना गोळे आलेले, उलटी झाली, तोंडातून शब्द फुटेना.

मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेला. लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं, क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलाय. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय काय पोटात गेलं?" त्याच्या बायकोनं सांगितलं, "दोन भाकरी, आन् मालकाचा थंडा."

"मालकाचा थंडा." हे दोन शब्द माझ्या डोक्यातून अजून गेले नाहीत.

डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, "एकट्या बाटलीनं हे झालं असं मी म्हणणार नाही. ऊन, कष्ट आणि अंगात पाणी नाही, ही खरी कारणं. पण तहान लागल्यावर यानं पाण्याच्या जागी हे प्यायलं, आणि दमल्याचं कळायला पाहिजे तेव्हा कळलं नाही." आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा खाली आला होता. गडी वाचला. पण दहा दिवस त्याचा कोयता अर्धा पडला. बायको एकटी तोडायची, एकटी बांधायची, मोळ्या दुसऱ्यांच्या हातापाया पडून भरायची. अर्ध्या कोयत्याला अर्धा पैसा, आणि उचल मात्र पुरी. निघताना ती मला एवढंच म्हणाली, "मालक, तुमी प्रेमानं दिलं. पर आमची उचल वाढली."

मी तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दुकानात उभं राहून बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचलं. त्यातून जे पक्कं समजलं तेवढंच लिहितो.

आधी कॅफीन म्हणजे काय ते. ते आपल्या चहातही आहे, कॉफीतही आहे. दिवसभर काम करताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो आपल्या जागी जाऊन बसला की मेंदूला निरोप पोचतो, "दमलास, आता बस." कॅफीन त्या जागा आधीच अडवून बसतं. निरोप पोचत नाही. थकवा तसाच राहतो, नुसता कळत नाही. ताकद कुठून आलेली नसते. म्हणून मी म्हणतो, ही अंगावरची उचल आहे. मुकादमाची उचल जशी हातात पडताना गोड वाटते आणि अख्खा हंगाम फेडावी लागते, तशीच ही. फरक एवढाच की मुकादमाच्या वहीत आकडा लिहिलेला असतो. इथे वही आपल्या अंगात असते आणि ती बघायला मिळते ती रक्त तपासल्यावर.

आता किती असतं ते बघू. आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम आहे. 'कॅफीनयुक्त पेय' म्हणून जे विकायचं त्यात एका लिटरला किमान १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की दीडशे मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. तर प्रामाणिकपणे सांगायचं म्हणजे एक बाटली ही कपदोन कप चहाच झाली. तिला विष म्हणणं खोटं होईल, आणि मला खोटं लिहायचं नाही. थोरल्या, धडधाकट माणसाला दिवसाला ३०० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं जाणकार संस्था म्हणतात. आपली पोषण संस्था ३०० म्हणते, युरोपची अन्न सुरक्षा संस्था ४०० म्हणते.

मग भांडण कशाशी? तीन गोष्टींशी.

पहिली गोष्ट, चहा आपण गरम पितो, घोट घोट, आणि फडातला चहा म्हणजे जेमतेम पाऊण कप. थंड बाटली तहानलेला माणूस दोन दमात संपवतो आणि दुसरी उघडतो. वर सकाळचे तीन चहा झालेले असतातच, ते कुणी मोजत नाही. चार बाटल्या म्हणजे एक लिटर. बाटलीवर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. माझ्या फडात त्या गड्यानं त्याच्या दुप्पट घेतलं. ते अक्षर त्याला वाचता येणार नव्हतं. मला येत होतं, मी वाचलं नाही.

दुसरी गोष्ट साखर. साध्या कोल्यात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. २५० मिलीत सव्वीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर चांगलं. एका बाटलीतच कोटा संपला. ताकदीच्या बाटल्यांत साखर कमीजास्त असते, ज्याची त्यानं बाटली फिरवून बघावी. दिवसाला एकदोन गोड पेयं नियमानं पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा साधारण पाव हिश्शानं जास्त दिसतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये मांडलं गेलं. गावात आज चाळिशीच्या आत साखरेची गोळी चालू असलेली माणसं मोजा, मग आकडा परका वाटणार नाही. शिवाय ही पेयं आंबट असतात, म्हणून दातावरचं कवच झिजवतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती थेट आपल्या फडाची आहे. अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात एक चाचणी झाली, २०१९ साली ती छापून आली. बारा धडधाकट माणसं घेतली. ३५ अंश तापमान आणि दमट हवा असलेल्या खोलीत त्यांच्याकडून चार तास शेतमजुरासारखी कामं करून घेतली. चालणं, उचलणं, घण मारणं. दर तासाला थोडी विश्रांती, आणि विश्रांतीत प्यायला एकदा गोड कॅफीनवालं थंड पेय, दुसऱ्या खेपेला त्याच माणसांना नुसतं पाणी. मिळून दोन लिटर. थंड पेयाच्या दिवशी रक्तात मूत्रपिंडावर ताण आल्याच्या खुणा दिसल्या, अंगातलं पाणीही कमी भरलं. पाण्याच्या दिवशी तसं दिसलं नाही. आता बारा माणसांची चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. साखरेमुळे झालं का कॅफीनमुळे, तेही त्यातून वेगळं काढता येत नाही. आणि हा ताण एका दिवसाचा, पुढे जन्मभर काय होतं ते त्यात बघितलेलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं होतं, त्याच्याशी हे इतकं जुळतं की मला कानाडोळा करता येत नाही.

कुणी म्हणेल, तिकडच्या पेयात मक्याचं सिरप असतं, आपल्याकडं शुद्ध उसाची साखर. बरोबर आहे. पण उसाची साखर पोटात फुटली की निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोजच होतं. मक्याच्या सिरपमध्ये फ्रुक्टोज थोडं जास्त, एवढाच फरक. मूत्रपिंडाला ऊस आणि मका ओळखू येत नाही.

ती चाचणी शेतमजुरांसारखी कामं लावून का केली असेल? कारण मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत समुद्राकडच्या गरम पट्ट्यात ऊस तोडणारी तरणी माणसं मूत्रपिंड निकामी होऊन मेली आहेत. एकदोन नाही, हजारो. ना मधुमेह, ना रक्तदाब. त्याचं एकच कारण अजून ठरलेलं नाही, पण उन्हातलं कष्टाचं काम आणि अंगातलं पाणी कमी पडणं यावर बऱ्याच जणांचं बोट आहे. तिथंही तोडणी वजनावर, तिथंही कोयता. फोटो बघितले तर आपलाच फड वाटतो.

त्यातली एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एल साल्वाडोरमध्ये काही तोडणी कामगारांना पाठीवर पाण्याची पिशवी दिली, फडात हलवता येणारी सावली दिली, ठरलेल्या वेळी विश्रांती दिली आणि कोयताही सुधारून दिला. पाणी पिणं वाढलं, चक्कर-गोळ्यांच्या तक्रारी कमी झाल्या, आणि माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. आता त्यात कोयत्याचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे वेगळं करता येणार नाही. पण विश्रांती दिली तर तोड मागं पडेल, ही आपली भीती तिथं तरी खोटी ठरली. टोळीनं लवकर फड रिकामा करावा असं ज्याला वाटतं, त्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

आता ट्रॅक्टरवाल्यांचं. हे वाचणारे चालक बरेच आहेत, त्यांनी राग मानू नये. दोन ट्रॉल्या जोडून रात्रीची खेप, कारखान्याच्या यार्डात आठ-दहा तास नंबर, गव्हाणीत माल पडला की परत फडात. झोप कधी घ्यायची? मग रात्री दहाला एक बाटली, बाराला दुसरी. कॅफीन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. दहाला घेतलेलं पहाटे तीनला निम्मं शिल्लक असतं. यार्डात नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये आडवं झालं तरी धड झोप लागत नाही. सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा बाटली. सवय लागलेल्यानं एकदम सोडली तर दिवसभरात डोकं ठणकतं, मग तो म्हणतो, "बघा, मला हे लागतंच." उचल फेडायला नवी उचल, दुसरं काय. जागरणावर झोप हाच उतारा. यार्डात वीस मिनिटं डोळा लागला तरी पुढची खेप बरी जाते. बाटलीनं डोळे उघडे राहतात, पण भान राहीलच याची खात्री नाही, आणि मागं रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि वळणावरचा मोटरसायकलवाला आपण सगळ्यांनीच बघितलाय.

आणि पोरं. माझा पुतण्या सहावीला आहे. क्रिकेटची मॅच असली की सगळी टीम वर्गणी काढून या बाटल्या आणते. एका रात्री बारा वाजता पोरगं उठून बसलं, "काका, छातीत धडधडतंय." मी हात लावून बघितला, खरंच घोडा पळाल्यासारखं. विचारल्यावर कळलं, संध्याकाळी दोन प्यायला होता. युरोपच्या त्याच संस्थेनं लहान मुलांसाठी हिशेब सांगितलाय, किलोला ३ मिलिग्रॅमच्या पुढं कॅफीन जाऊ नये. आपल्या झेडपी शाळेतलं चौथीचं पोरगं असतं पंचवीस किलोचं. पंचवीस त्रिक पंचाहत्तर. म्हणजे एका बाटलीत त्याची अख्ख्या दिवसाची शीग भरली. दुसरी बाटली म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, आणि वरून चहा, चॉकलेट आहेच. पुतण्या माझा थोडा वजनदार म्हणून निभावला.

लहान मुलं, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया यांनी घेऊ नये, हेही बाटलीवर छापलेलं असतं. पण छापलेलं आणि घडलेलं यात शिवेएवढं अंतर. जुलै २०२४ मध्ये आपल्या विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदीचा आदेश काढणार. आमच्या शाळेसमोरच्या टपरीत अजून फ्रीजच्या पुढच्या ओळीत तीच बाटली आहे. टपरीवाला आपलाच माणूस, त्याच्यावर मी चिडत नाही. तो म्हणाला, "भाऊ, मी ठेवली नाही तर पोरं फाट्यावरनं आणतील." त्याला म्हटलं, "आणू दे. निदान चालत तरी जातील." हसला, पण बाटली काही हलवली नाही. या पेयांवर आज ४० टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ च्या आधीही २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर, म्हणजे तेवढाच होता. एवढा कर लावूनही वीस रुपयांत बाटली मिळते, म्हणजे आतल्या मालाची किंमत काय असेल ते तुम्हीच बघा. कर लावून पोरगं थांबत नाही. आईबापानं, मास्तरनं आणि टपरीवाल्यानं थांबवलं तर थांबतं.

आता तो प्रश्न, जो मला पारावर तोंडावर विचारला गेला. "तू ऊसवाला. साखर विकून तुझं घर चालतं. उन्हाळ्यात थंड्यावाल्यांची मागणी आली की साखरेला उठाव येतो, भाव धरतो. आणि तूच थंड्याच्या विरोधात लिहिणार?"

प्रश्न खरा आहे. आपल्या साखरेतला मोठा वाटा घरच्या डब्यात जातच नाही. तो मिठाई, बिस्किटं, थंडा करणाऱ्यांकडं जातो, हे मला माहीत आहे. मी काही साखर खाऊ नका म्हणत नाही. माझ्या उसाची काकवी मी स्वतः भाकरीबरोबर खातो. पण तंबाखू पिकवणाऱ्यानंही आपल्या पोराच्या तोंडात तंबाखू घातलेली मला आठवत नाही. माल विकणं वेगळं आणि तहानेनं घसा कोरडा पडलेल्या माणसाच्या हातात पाण्याच्या जागी तो देणं वेगळं. आणि माझा ऊस जो माणूस डोक्यावर वाहतो, त्याच्या मूत्रपिंडावर माझा भाव उभा राहणार असेल तर तो भाव मला पचायचा नाही. उसाचा रस इथेनॉलला जातो, बगॅसवर वीज होते. साखरेला वाट काढायचे मार्ग आहेत. मूत्रपिंडाला नाहीत.

अजून एक गोष्ट, जी मला आधी सुचलीच नव्हती, ती टोळीतल्या एका मावशीनं सांगितली. बाया फडात पाणी मुद्दाम कमी पितात. का? जायला आडोसा नसतो. ऊस तुटत जातो तसा उरलासुरला आडोसाही जातो. मग तहान मारायला दोन घोट थंडा, म्हणजे पाण्याचा गडूच्या गडू पोटात नको. आपण वर्षानुवर्षं त्यांना फडात उतरवतो आणि एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात येत नाही, याची लाज वाटली.

तर यंदा आमच्या फडात काय करणार आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे मलाही मागं फिरता येणार नाही.

थंड्याचं खोकं येणार नाही. एका खोक्याला ४८० रुपये जातात. तेवढ्या पैशात टोळीला पाण्याचे जार पुरतात आणि वर लिंबंही येतात.

पाणी बांधावर राहणार नाही, जिथं तोड चालू आहे तिथं सरकत जाणार. दोन माठ आणि एक जार, त्यावर जुन्या शेडनेटची सावली. माणूस पाण्यापर्यंत चालत जात नाही, कारण त्याचा पैसा टनावर असतो. पाणीच त्याच्यापर्यंत गेलं पाहिजे.

चार बांबू आणि शेडनेटचा आडोसा बायांसाठी. खर्च जवळजवळ शून्य, नेट घरात पडून आहे.

अकरा वाजता घरचं ताक, मीठ घालून. दुपारी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. ज्याला गोळे आले, उलटी झाली, त्याच्यासाठी दवाखान्यातली ओआरएसची पुडी ठेवायची. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. यात साखर आहे, बघा. साखरेशी माझं वैर नाही, मापाशी मात्र ठाम आहे. मीठ वाढवू नका, आणि ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या.

ऊन तापल्यावर भरणी नाही. मुकादमाशी आधीच बोलून ठेवलंय, गाडी एक तर सकाळी भरायची, नाहीतर चारनंतर. ट्रॅक्टरवाला कुरकुरला. त्याला म्हटलं, "तेवढ्या वेळात चिंचेखाली झोप."

चहा चालू राहणार. चहाला हात लावला तर टोळी मलाच उसात पुरेल.

आणि लघवीचा रंग बघायचा, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगणार. पातळ पिवळी असेल तर ठीक. गडद झाली की कोयता खाली ठेवून आधी पाणी. काळ्या चहासारखी झाली तर वाट न बघता दवाखाना. लाजायचं कारण नाही. आपण बैलाच्या शेणामुतावरनं त्याचं दुखणं ओळखतो, माणसाचं का नाही?

परवा जुन्या मुकादमाला फोन केला, त्या गड्याची चौकशी करायला. म्हणाला, यंदा तो कर्नाटकात गेलाय, तिकडं उचल जास्त मिळाली. मागची फिटली नव्हती ना. तब्येत बरी आहे म्हणे. मी म्हटलं, "त्याला सांगा, पाणी पी म्हणून." मुकादम म्हणाला, "सांगतो की. पर मालक, तिथं बी फडावर थंडा येतोच."

तिथला थंडा मला थांबवता येणार नाही. माझ्या बांधावरचा येतो. तुमच्या बांधावरचा तुम्हाला.

तोडीच्या तारखा जवळ आल्यात, मंडळी. माठ धुऊन ठेवा.